वेर्मेन्तीनोच्या पंक्तीला तिसऱ्या

जूनमध्ये मासेमारी बंद होते. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकल्या जातात आणि मालवण बंदराजवळच्या माझ्या सहा टेबलांच्या खानावळीला कुलूप लागतं. या सुट्टीत आमच्याकडच्या बायका माहेरी जातात, नाहीतर गुडघे दाखवायला कोल्हापूरला जातात. २०१० च्या जूनमध्ये मी कॅनडाला गेले. खरं सांगायचं तर भांडायला गेले.

भांडण माझ्या मुलाशी होतं. नितीन हॅलिफॅक्सला शिकायला गेला, इंजिनीअर झाला, नोकरीला लागला. मग एक दिवस फोनवर म्हणाला की नोकरी सोडून एका इटालियन म्हाताऱ्याबरोबर माशांचं हॉटेल काढतोय. मला आनंदच झाला. मी विचारलं, "मगे पयला कालवण कसला? बांगड्याचा काय सुरमयचा?"

तो म्हणाला, "आये, मेन्यूत तुझा कायच नाय. आमी वाईन देतलव. तुझ्या कालवणान वाईन मरता."

त्याचे वडील गेले तेव्हा नितीन दोन वर्षांचा होता. मी डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासे विकले, लिलावात दलालांशी भांडले, दोन टेबलांची खानावळ सहा टेबलांची केली. त्याचं शिक्षण त्या कालवणावर झालं. आणि आता ते कालवण कसल्याशा बाटलीला मारतं म्हणून त्याला घरात घ्यायचं नाही. त्याचं ते वाक्य वर्षभर माझ्या घशात काट्यासारखं अडकून होतं. मी बॅगेत घरचा मसाला, तिरफळं आणि शेरभर सोलं, म्हणजे तुमची आमसुलं, भरली आणि विमानात बसले. विमानाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तिथे जे वाढतात त्याला जेवण म्हणवत नाही.

हॅलिफॅक्स

सकाळी उतरले तेव्हा शहर नव्हतंच. होतं ते फक्त धुकं. नितीन गाडी चालवत सांगत होता, हे इथलं हॉस्पिटल, ही युनिव्हर्सिटी, हे नेव्हीचं, आणि मला काचेपलीकडे धुतलेल्या तांदळाच्या पाण्यासारखं पांढुरकं काहीतरी दिसत होतं. दुपारी ते एकदम उचललं गेलं आणि समोर बंदर उघडं पडलं. मी जन्मभर समुद्र बघत आलेय, पण असा समुद्र पाहिला नव्हता. पाणी काळपट निळं, आणि इतकं थंड की वाऱ्यातसुद्धा त्याचा गारवा कळत होता. मासळीचा वास नाही, कुठे जाळं वाळत नाही. मोठमोठी जहाजं शहराच्या अंगणात येऊन उभी राहिल्यासारखी. रात्रीच्या जेवणाची वेळ झाली तरी ऊन हटेना. मी दोनदा घड्याळ बघितलं.

नितीनचं हॉटेल पलीकडच्या किनाऱ्यावर, डार्टमथला होतं. तिथे जायला फेरी आहे. आपल्याकडच्या खाडीतल्या तरीपेक्षा मोठी, वर बसायला बाकं, आत गरम. लोक ऑफिसातून घरी जाताना होडीत पुस्तकं वाचत बसतात हे मला फार नवल वाटलं. पाण्याकडे कुणी बघतही नव्हतं. एकटी मी काचेला नाक लावून होते.

हॉटेल अजून उघडायचं होतं. दहा दिवस राहिले होते. भिंतींना रंग लागला होता, टेबलं आली होती आणि मागच्या भिंतीवर एक मोठी काळी पाटी होती. तिच्यावर खडूने सात पदार्थ लिहिलेले, आठवी ओळ मोकळी. नितीनने वाचून दाखवलं: शिंपल्यांबरोबर रव्याच्या भाजलेल्या गोळ्या, तळलेली माकुलं म्हणजे तुमचे स्क्विड, भाजलेला मासा, असलं सगळं.

"आठवा काय?" मी विचारलं.

"ठरला नाय. एफिसिओ सांगता, वाईनबरोबर जाय असा काय गावला तर लिवया."

एफिसिओ म्हणजे तो म्हातारा. बुटका, रुंद, हाताची बोटं खलाशासारखी जाड. इटलीच्या सार्डिनिया नावाच्या बेटावरचा. एकोणिसाव्या वर्षी बोटीवर स्वयंपाकी म्हणून निघाला आणि चाळीसएक वर्षांपूर्वी हॅलिफॅक्सला उतरून इथलाच झाला. त्याने माझा हात हातात घेतला, "सिन्योरा" म्हणाला आणि माझी बोटं उलटीपालटी करून बघितली. खवलं काढून काढून माझ्या अंगठ्याला जो घट्टा पडलाय तो त्याने दाबून पाहिला आणि मान हलवली. माणूस कामाचा आहे, हे मलाही तेव्हाच कळलं. पण मी हसले नाही. ती आठवी ओळ घेतल्याशिवाय मी मालवणला परतणार नव्हते.

एफिसिओचं टेबल

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने आम्हाला जेवायला बसवलं. आधी ताटाएवढी मोठी, पापडासारखी पातळ, कडकडीत रोटी आली. मेंढपाळ महिनोन्‌महिने डोंगरावर राहतात, त्यांच्यासाठी त्यांच्या बायका ही करून देतात, असं तो म्हणाला. मग त्याने कापडात गुंडाळलेलं काहीतरी आणलं. मधाच्या रंगाचं, विटेसारखं कडक. सुरीने त्याचे पापुद्रे काढून रोटीवर ठेवले. मी उचलून हुंगलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ही तर गाबोळी."

माशाची अंडी आम्ही तळून खातो. पण गाबोळी मिठात दाबून, महिनाभर वाऱ्यावर वाळवून अशी वीट करायची, हे आमच्या सगळ्या किनाऱ्यावर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. कुठल्या माशाची, ते त्याला इंग्रजीत धड सांगता येईना आणि नितीनलाही नाव ठाऊक नव्हतं. मग मी टेबलावर पीठ भुरभुरलं आणि बोटाने मासा काढला. चपटं डोकं, अंगावर लांब रेघा, पाठीवर दोन पर. एफिसिओने डोकं पुसून थोडं आणखी बोथट केलं आणि "सी, सी" म्हणाला. बोय. आमच्या खाडीतली बोय. मी थक्क झाले. एवढ्या लांबचं बेट आणि आमची खाडी एकाच माशावर जगतात, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही.

मग त्याने बाटली काढली. वाईनचं नाव वेर्मेन्तीनो. द्राक्षाचंही तेच नाव. बेटाच्या उत्तरेला सगळा दगड आहे, तिथे ती होते. मी म्हटलं, मी दारू पीत नाही. तो म्हणाला, पिऊ नका, बघा.

ग्लास उन्हात धरला तर आतला रंग कोवळ्या शहाळ्याच्या पाण्यासारखा, त्यात किंचित हिरवी झाक. मी मासा जसा हुंगते तसा हुंगला. मासा विकत घेणाऱ्या बाईचं नाक ही तिची अर्धी कमाई असते, तेव्हा मी सांगते त्यावर विश्वास ठेवा. आधी लिंबाच्या सालीचा वास आला. त्यामागून आमच्या सड्यावर, उन्हात तापलेल्या कातळावर जे सुकं गवत असतं, त्याचा. आणि सगळ्यांत शेवटी, अगदी बारीक, ओल्या दोराचा, म्हणजे समुद्राचा.

आता चव बघणं आलं. आम्ही कालवण चाखतो ते तळहातावर थेंब घेऊन, चमचा किंवा भांडं उष्टं करत नाही. मी सवयीने ग्लास कलंडवून तळहातावर दोन थेंब घेतले आणि चाटले. नितीनने डोळे मिटून घेतले. म्हाताऱ्याने मात्र माझ्याकडे बघितलं, आपल्याही तळहातावर थेंब घेतले आणि चाटले. मग बराच वेळ तळहाताकडे बघत राहिला.

जिभेवर आधी आंबट, मग शेवटाला बदामाच्या सालीसारखं जरासं कडू. आणि ओठांवर मीठ. द्राक्षात मीठ कुठून आलं? मी नितीनला विचारायला लावलं. एफिसिओ म्हणाला, तिकडे असा वारा असतो की झाडं वाकडीच वाढतात. तो समुद्रावरून येतो आणि पानांवर मीठ ठेवून जातो. मला पटलं. खाडीकाठच्या माडाचं शहाळं डोंगरावरच्या शहाळ्यापेक्षा वेगळं लागतं, हे आमच्याकडे पोरांनाही माहीत असतं. पण एका झाडाने वारा आणि दगड फळात साठवायचा, कुणीतरी तो बाटलीत भरायचा, आणि सात समुद्र ओलांडून आल्यावरही तो वारा आत तसाच असायचा, याचं आश्चर्य मला अजूनही वाटतं.

वर त्याने सांगितलं की ही कशाबरोबर जाते: शिंपल्या, भाजलेला मासा, माकुलं, मेंढीच्या दुधाचं ताजं चीज, वाळवलेली गाबोळी. आणि कशाबरोबर नाही: लाल मटण, व्हिनेगर, चिंच. "आणि मिरची," नितीन हळूच म्हणाला.

"उद्या बांगड्याचा कालवण करतंय," मी म्हटलं. "मगे बघया कोण मरता."

बांगडा

तिथला बांगडा आपल्यापेक्षा लांबट असतो आणि पाठीवर वाघासारखे पट्टे. पण ताजा होता, डोळे काचेसारखे. खोबरं गोठवलेलं मिळालं, चाललं. मी काही राखून ठेवलं नाही. घरचा मसाला, तिरफळं, सोलं, सगळं हिशेबाने. डार्टमथच्या त्या गल्लीत असा वास सुटला की शेजारच्या लाँड्रीतली बाई बाहेर येऊन उभी राहिली.

एफिसिओने माझ्यापुढे भरलेला ग्लास ठेवला. आधी वाईनचा घोट, मग कालवण, मग पुन्हा घोट, असं करून तुम्हीच सांगा, म्हणाला. हा डाव मला ओळखीचा होता. गिऱ्हाइकाच्याच हातात तराजू द्यायचा. पण तराजू हातात आल्यावर मला खोटं बोलता येत नाही.

मी घोट घेतला. कालवण खाल्लं. पुन्हा घोट घेतला.

वाईन मेली होती. कालचा तो वारा, गवत, मीठ, कशाचाच पत्ता नव्हता. गंजलेली लोखंडी पळी चोखावी तशी चव आली आणि मिरची घशात दुप्पट पेटली. मी ग्लास खाली ठेवला.

"तोंड कित्याक असा करतंस?" नितीनने विचारलं. त्याच्या आवाजात विजय नव्हता, हे मी कबूल करते. तरी मला राग आला.

म्हाताऱ्याने मात्र वाडगा चाटून पुसून साफ केला. घाम पुसला, आणखी मागितलं, तेही संपवलं. मग नितीनला काहीतरी बोलला.

"काय म्हणता तो?"

"म्हणता, असा बांगडो आपण जन्मात खाल्लय नाय. पण ह्या जेवणाक वाईन लागना नाय."

म्हणजे स्तुतीही केली आणि नकारही दिला, एकाच वाक्यात. लिलावात असल्या माणसापासून मी लांब राहते. तो म्हणाला, रविवारी आणखी एकदा करा. रविवारनंतर पाटी भरायची. आठव्या ओळीत काही सापडलं नाही तर तो तिथे लॉबस्टर लिहिणार होता. लॉबस्टर म्हणजे आमची शेवंड. ती तर कुणीही उकडील.

फंडीचा समुद्र

शनिवारी नितीन मला तास-दीड तासावरच्या फंडीच्या आखाताला घेऊन गेला. रविवारसाठी मोठा मासा घ्यायचा होता. हॅलिबट म्हणून एक चपटा मासा असतो, पांढराशुभ्र, पापलेटाचा थोरला भाऊ म्हणा. रस्त्याकडेने जांभळ्या, गुलाबी फुलांचे तुरे मैलच्या मैल उभे होते. कुणी लावले विचारलं, तर म्हणाला आपोआप येतात.

धक्क्याला होड्या काठोकाठ पाण्यावर डुलत होत्या. एका कोळ्याने शेडमध्ये बर्फावर हॅलिबट मांडला होता. मी कल्ले उघडून बघितले, पाठीवर बोट दाबलं, पोटाकडे हुंगलं. असा मासा वर्षातून एकदा हाती येतो. म्हणून मी तोंड वाईट केलं आणि त्याने सांगितल्याच्या निम्म्याने मागितला.

कोळी हसला आणि आपलाच भाव पुन्हा म्हणाला.

"आये," नितीन माझ्या कानाशी म्हणाला, "हय कोण भाव करीत नाय."

"तू गप रव."

मी थोडं वाढवलं. तो पुन्हा हसला आणि पुन्हा तेच बोलला. मग मी करायचं ते केलं. मासा सोडला, पदर सारखा केला, पाठ फिरवली आणि चालायला लागले. सावकाश, हाक ऐकू येईल इतकंच सावकाश. पंचवीस वर्षांत ती हाक कधी चुकली नाही. कधी तिसऱ्या पावलाला येते, कधी दहाव्या. मी धक्क्याच्या टोकापर्यंत गेले. गाडीपाशी पोचले. मागे वळून बघितलं तर एक म्हातारी बाई काही न बोलता पैसे देऊन माझा हॅलिबट पिशवीत घालत होती, आणि कोळी मला हात हलवून निरोप देत होता.

"त्येका वाटला, तुका मासो नको," नितीन म्हणाला.

"माका मासो नको असतो तर मी त्येचे कल्ले कित्याक बघलंय असते?"

"हय 'नको' म्हणजे नको, आये."

मी एवढी संतापले की गाडीत बसायलाच तयार होईना. त्या माणसाच्या चेहऱ्यावर खोट नव्हती, हे जास्त झोंबत होतं. त्याने मला फसवलं नव्हतं, माझा अपमानही केला नव्हता. मी जे केलं ते त्याने खरं मानलं होतं, इतकंच. नितीनने मला जवळच्या टपरीत नेऊन माशांचं दुधातलं सूप पाजलं. ते बरं होतं, मीठ कमी. दुसरी होडी दुपारनंतर येईल असं कुणीतरी सांगितलं, म्हणून आम्ही थांबलो.

आणि थांबलो म्हणून ते बघायला मिळालं. पाच-सहा तासांनी परत धक्क्यावर आले तर समुद्र नव्हता.

हे मी कसं सांगू? आमच्याकडे ओहोटीला पाणी पुरुषभर उतरतं. इथे एका वाढलेल्या माडाएवढं उतरलं होतं. सकाळी ज्या होड्यांत मी पाय टाकू शकले असते, त्या खोल विहिरीच्या तळाशी बसाव्यात तशा चिखलावर बसल्या होत्या. धक्क्याचे खांब उघडे पडून उभे, त्यांना हिरवं शेवाळ लोंबतंय. पलीकडे तांबूस चिखल क्षितिजापर्यंत चमकत होता. एवढं पाणी कुठे गेलं, आणि रोज दोनदा ते आठवणीने परत कसं येतं, हे माझ्या डोक्यात मावेना. मी हात जोडले. नितीन नेहमी मला टोकतो, लोक बघतात म्हणून. त्या दिवशी टोकलं नाही.

दुसरी होडी अर्थातच आली नाही. यायला पाणीच नव्हतं. पण खाली चिखलात एक माणूस वाकून आखूड दांड्याच्या काट्याने उकरत होता आणि बादलीत काहीतरी टाकत होता. मी एवढ्या वरूनही ओळखलं. वाकायची ती पद्धत सगळ्या जगात एकच असते.

"तिसऱ्यो," मी म्हटलं. तिसऱ्या म्हणजे तुमच्या शिंपल्या.

तो माणूस चढून वर आला तेव्हा बघितलं, तर आमच्या तिसऱ्यांपेक्षा मोठ्या, शिंपला पातळ, आणि तोंडातून एक जाड नळी बाहेर आलेली. पण आतलं पाणी तेच. त्याने भाव सांगितला. मी एक शब्द न बोलता पैसे दिले. नितीन माझ्याकडे बघत राहिला.

"बघतंस काय? रेती सोडूक समुद्राचा पाणी व्हया. बाटली आण, पाणी परत येयपर्यंत थांबया."

रविवार

तिसऱ्या रात्रभर खाऱ्या पाण्यात ठेवल्या की रेती टाकतात. सकाळी त्या नळीवरचं काळं कातडं सोलून काढायला मात्र मला एफिसिओने शिकवलं. आम्ही दोघं शेजारी उभे राहून सोलत होतो. बॅगेत मसाला आणि सोलं तयार होती, पण हात त्यांच्याकडे जात नव्हता. मला शुक्रवारची ती गंजकी चव आठवत होती.

नितीन टेबल मांडत होता. त्याने लिंबू चिरून बशीत ठेवलं, तर म्हातारा एकदम तापला. बशी उचलून फडताळात ठेवली आणि काहीतरी बोलला.

"काय झाला?"

"म्हणता, लिंबू बाटलीत आसा. आणखी कित्याक?"

मी सुरी खाली ठेवली. आम्ही कुठल्या माशाला कैरी घालतो, कुठल्याला सोलं. कुठल्या माशाला कुठलं आंबट लागतं हे मला झोपेतून उठवून विचारा. आणि ही वाईन आंबटच तर होती. ती आंबट होती म्हणजे माझी सोलं तिच्यात आधीच होती. मी वर सोलं घातली, त्यावर मिरची घातली, म्हणजे एका पातेल्यात दोघींनी मीठ टाकल्यासारखं झालं.

मग सोलं काढायची. मिरचीही काढायची. उरलं काय? खोबऱ्याचा रस, लसूण, हळद आणि तिसऱ्यांचं स्वतःचं पाणी.

ते काय होतं हे मला लगेच कळलं आणि मला ते आवडलं नाही. आमच्याकडे घरात लहान मूल असलं की मसाला आणि सोलं घालायच्या आधी त्याच्यासाठी वाटीभर वेगळं काढतात. तिखट नाही, आंबट नाही. मूल तीन-चार वर्षांचं झालं की ते काढायचं बंद होतं आणि सगळे ते विसरतात. मी एवढ्या लांब माझं नाव राखायला आले होते, ते काय दुधाच्या दातांचं जेवण वाढायला?

पण चार वाजत आले होते. लोखंडी पातेलं तापलं होतं. मी लसूण ठेचला, तेलात टाकला, हळद टाकली, तिसऱ्या टाकून झाकण ठेवलं. त्या उघडल्या, पाणी सुटलं. मग दाट रस ओतला आणि एकदाच उकळी येऊ दिली. मीठ घातलं नाही, घालायची गरज नव्हती. तांदळाच्या पिठाची घावणं केली.

आम्ही तिघं बसलो. एफिसिओने बाटली उघडली. मी वाढलं.

नितीनने घावणाचा तुकडा रसात बुडवून तोंडात घातला आणि थांबला. आधी मला वाटलं रेती लागली. तो ताटाकडे बघत होता. त्याने आणखी एक घास घेतला.

"आये," तो म्हणाला, "ह्या माझा."

"मगे कोणाचा?"

"माका वाटायचा ह्या मी सपनात खाल्लंय."

एवढंच बोलला आणि खाली मान घालून जेवायला लागला. मी त्याच्या ताटात आणखी एक घावण ठेवलं.

मग मी तराजू हातात घेतला. घोट घेतला, तिसरी खाल्ली, पुन्हा घोट घेतला.

वाईन तिथेच होती. नुसती होती असं नाही, मोठी झाली होती. तिचं मीठ आणि तिसऱ्यांचं मीठ एकमेकांना भेटलं होतं. शेवटचा तो कडवटपणा खोबऱ्याच्या गोडीला टेकला आणि खराच बदाम लागला. आणि खोबरं, जे मी जन्मभर खाल्लं, ते पहिल्यांदाच समुद्राकाठी वाढलेलं आहे असं कळलं. एकाच घोटात दोन किनारे होते. मी तिसरा घोट घेतला. दारू न पिणाऱ्या बाईने, होय. लिहून टाकते, म्हणजे नंतर कुणी सांगायला नको.

एफिसिओचं आपलं चालूच होतं. तिसरी, घोट, तिसरी, घोट. शेवटी ताट घावणाने पुसलं, बाटलीतलं उरलेलं माझ्या ग्लासात ओतलं आणि उठून पाटीपाशी गेला. खडू घेतला. याचं नाव काय, विचारलं.

नाव नव्हतं. माझ्याकडे चाळीस कालवणांची नावं होती आणि जे जिंकलं त्याला नाव नव्हतं. घरात त्याला कुणाचं आहे एवढंच म्हणत.

"नितूचा," मी म्हटलं.

"आये, नको," नितीन म्हणाला. "लोक काय म्हणतीत?"

"लोकांका काय कळता?"

म्हाताऱ्याने खडू टेकवला, तेवढ्यात मी उठून त्याच्या हातातून तो काढून घेतला. नितीनला म्हटलं, मी सांगते तसं सांग, एक शब्द वगळू नको. हे इथे लिहायचं असेल तर आठवड्यातून दोन वार माझं खरं कालवण लागेल. मसाला, सोलं, तिरफळं, सगळं घालून. त्या दिवशी बाटल्या बंद. आमच्याकडे बुधवार आणि शुक्रवार माशाचे वार, तेच हवेत.

एफिसिओने ऐकून घेतलं. शुक्रवार त्याच्या धंद्याचा दिवस होता, तो सोडणं शक्य नाही, म्हणाला. मी खडू मुठीत धरून उभी राहिले. त्याने पाटीकडे पाहिलं, रिकाम्या पातेल्याकडे पाहिलं, कपाळावरून हात फिरवला. मग म्हणाला, बुधवार. त्याहून जास्त नाही.

मी तोंड वाकडं केलं, सुस्कारा टाकला आणि खडू त्याच्या हातात ठेवला. मला बुधवारच हवा होता.